लाईन आली की येतो

परभणीच्या तेलबिया संघात वीरुपाक्ष उदगीरे नावाचा एक माणूस होता. मूळचा ताडकळसचा, बापाचं तिथं बाजारात लहानसं किराणा दुकान. संघात सगळे त्याला आप्पा म्हणत. अंगानं काटकुळा, कपाळावर विभूतीचे पट्टे, शर्टाच्या आत गळ्यात इष्टलिंग आणि पाय कायम अनवाणी. अनवाणी अशासाठी, की तो जिथं बसायचा त्या काचेच्या खोलीत चपला घालून यायची कुणालाच परवानगी नव्हती, मॅनेजर किशनरावांनाही नाही. उन्हाळ्यात सगळी परभणी तव्यासारखी तापलेली असताना आप्पा त्या गार खोलीत गळ्याभोवती मफलर गुंडाळून बसलेला दिसायचा. आत मशीन होतं आणि मशीनला गारवा लागायचा. बाहेरचे कारकून घाम पुसत काचेतून बघायचे आणि म्हणायचे, मागच्या जन्मी काय पुण्य केलं असेल ह्यानं.

पुण्य कसलं आलंय. मशीन येणार असं ठरलं तेव्हा ह्याच कारकुनांनी अंग काढून घेतलं होतं. हात लावला आणि बिघडलं तर निस्तरायचं कुणी, आणि नीट चाललं तर आपल्याच पोटावर पाय. आप्पा तेव्हा टायपिस्ट. त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही, सरळ पुण्याला शिकायला धाडून दिलं. तो शिकून आला तो त्या मशीनचाच होऊन बसला.

मशीन युनिक्सच्या जातीचं होतं. म्हणजे त्यात चित्रंबित्रं काही नाहीत. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, आणि एक चौकोन लुकलुकत तुमच्या हुकमाची वाट बघणार. हुकूम बरोबर दिला तर मुकाट्यानं काम करून पुन्हा वाट बघत बसणार. चुकला तर तुसडेपणानं एका ओळीत सांगणार, की असला हुकूम मला ठाऊक नाही. आप्पाला हा स्वभाव मानवला. तोही मोजकंच बोलायचा.

पण मशीननं एकट्यानं बसून भागत नव्हतं. औरंगाबादला संघाचं मोठं ऑफिस होतं, तिथं ह्याच जातीचं थोरलं मशीन. पाथरीच्या गोदामात करडई किती आली, देवगाव फाट्यावरून किती ट्रक सुटले, हे इकडून तिकडं जायचं आणि तिकडून हुकूम यायचे. दोघांच्या मध्ये मोडेम नावाचा विटेएवढा डबा. मशीनची भाषा शिट्टीत बदलून तारेवर सोडायची आणि तारेवरून आलेली शिट्टी मशीनला समजावून सांगायची, एवढंच त्याचं काम. डब्याच्या कपाळावर लाल दिव्यांची रांग होती. त्यातला एक दिवा औरंगाबादच्या मोडेमचा आवाज ऐकू आला की लागायचा आणि तो आवाज तुटला की विझायचा. आप्पा त्याला जिवाचा दिवा म्हणायचा.

संघाची इमारत गावाबाहेर, पाथरी रोडला. किशनरावांच्या टेबलावरचा फोन जुन्या खांबांवरच्या तारेवर यायचा आणि त्यात कढईत पापड तळावेत तशी खरखर असायची. असली खरखर मशीनला चालत नाही. म्हणून टेलिफोन एक्सचेंजपासून संघापर्यंत खास मशीनसाठी जमिनीतून केबल आणली. ती पुरताना आप्पा चरीच्या कडेनं सगळी वाट पायी चालला होता, लग्नाच्या वरातीत चालावं तसा. लिंगायतांच्या स्मशानभूमीच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला, कडुलिंबापाशी काम आलं तेव्हा त्याची बायको शिवम्मा डबा घेऊन तिथंच आली. तिनं पदर सावरून चरीत डोकावून बघितलं.

"एवढी काळी व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं, गोरीपान असंल सवत."

केबलवाले मजूर खो खो हसले. एक्सचेंजचे केबल इन्स्पेक्टर दिनकरराव चष्मा काढून डोळे पुसायला लागले. आप्पाही हसला आणि त्या दिवसापासून घरात लाईनीचं नाव सवत पडलं.

शिवम्माचं माहेर कानडी मुलखातल्या कल्याणकडचं. बोलायची मराठीत, रागवायची कानडीत. मूलबाळ झालं नाही. तिच्या काळजाची एक झडप लहानपणापासूनच सदोष होती. दोन पायऱ्या चढली की दम लागायचा. आडवं झोपलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून रात्र रात्र भिंतीला टेकून बसायची. बंद खोली तिला सोसायची नाही. थंडीतसुद्धा दार उघडं लागायचं, आणि आप्पा गोधडीत डोकं घालून कुरकुरायचा. औषध चालू होतं. डॉक्टर म्हणाले होते, जपा. आप्पा जपायचाही. म्हणजे औषधं वेळेवर आणायचा, पाणी भरून ठेवायचा. नसायचा तो स्वतः, एवढंच.

कारण लाईन. ती जायची, आणि जायला तिला निमित्तही लागायचं नाही. कधी एक्सचेंजमध्ये काही, कधी औरंगाबादला काही. नामांतराच्या मोर्च्यांचे दिवस होते. बंद झाला की शटर खाली, एस.टी. डेपोत, गाव चिडीचूप. पण आप्पा सायकल हातात धरून गल्लीबोळातून ऑफिस गाठायचा, कारण लाईन बघायची असायची. घरून निरोप आला, जेवायला चला, तर उत्तर ठरलेलं: लाईन आली की येतो. पाहुणे आलेत? लाईन आली की येतो. कल्याणच्या जत्रेला तिला न्यायचं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी लाईनीवर अडायचं. शिवम्मा आधी चिडायची, मग चिडवायची, मग तिनं तेही सोडलं. संध्याकाळी तो घरात शिरला की एवढंच विचारायची, "आली का लाईन?" तो म्हणायचा, आली. मग ती चहा टाकायची.

त्याच्या हाताखाली दुसरा माणूस नव्हता असं नाही. बन्सीधर नावाचा चांगला चाळिशीतला कारकून दोनदा म्हणाला होता, आप्पा, मलाबी दाखवा की. आप्पानं दाखवलं नाही. मशीन आपल्यावाचून अडतं ह्याचं त्याला आतून सुख होतं. अशा सुखाची किंमत कधी ना कधी भरावी लागते, आणि बहुतेक वेळा ती दुसऱ्याच माणसाकडून वसूल होते.

दसऱ्याच्या अलीकडचे दिवस होते. आदल्या संध्याकाळी जिवाचा दिवा विझला होता. सकाळी आप्पा निघाला तेव्हा शिवम्मा भिंतीला टेकून बसली होती, वेणी न घालता. ती म्हणाली, "आज बसा की जरा माझ्यापाशी."

तो बसला. बसला म्हणजे उंबऱ्यावर टेकला, एक पाय आत, एक बाहेर. तिच्या पायांवर सूज दिसत होती. तो म्हणाला, डॉक्टरला संध्याकाळी घेऊन येतो. थोड्या वेळानं तो उठला आणि म्हणाला, "लाईन आली की येतो."

"जावा," ती म्हणाली.

ऑफिसात त्यानं नाही नाही ते करून बघितलं, दिवा काही लागेना. दुपारी शेजारच्या कस्तुराबाई चालत संघात आल्या. कधी आलेल्या नव्हत्या. काचेच्या खोलीत जावं की नाही ते त्यांना कळेना, म्हणून बाहेरूनच बोटानं काच वाजवली. आप्पा दारात आला. त्या म्हणाल्या, शिवम्माला लय दम लागायलाय, चला. आप्पाचा एक हात दाराच्या कडीवर होता आणि मान मोडेमकडं वळलेली होती. तो म्हणाला, तुमी व्हा पुढं, आलोच, लाईन आली की येतो. कस्तुराबाई पदर तोंडाला लावून जरा थांबल्या आणि गेल्या.

मग लाईन आली. आप्पानं काहीही केलेलं नव्हतं. तो खुर्चीत बसला होता आणि दिवा आपला आपण लागला. लांब कुठंतरी कुणीतरी काहीतरी जागेवर बसवलं असेल. तरी तो लगेच उठला नाही. तुंबलेलं सगळं औरंगाबादला गेल्याची ओळ पडद्यावर आली, मग चपला पायांत सरकवून त्यानं सायकल काढली.

गल्लीच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या आणि त्यांनी त्याला वाट करून दिली. वाट करून दिली तेव्हाच त्याला कळलं.

न सांगून कस्तुराबाईंना राहवेना. म्हणाल्या, "दोनदा विचारलं तिनं. आली का लाईन, म्हणाली. मी म्हणलं, आली असंल, येतेत आता."

दुसऱ्या दिवशी कल्याणहून तिचे भाऊ आले आणि माती ठरली. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. बसवून पुरतात, आणि मेला म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात. खड्डा खणायचा तो माणसाच्या स्वतःच्या पावलाच्या मापानं. जंगमस्वामींनी शिवम्माच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली आणि ती खड्डा खणणाऱ्या सटवाजीच्या हाती दिली. पाय सुजलेले होते म्हणून माप थोडं मोठं आलं. आप्पा बघत होता. इतक्या वर्षांत त्यानं ते पाऊल असं कधी निरखून बघितलं नव्हतं.

स्मशानभूमीत जागा कडुलिंबाखाली मिळाली, कुंपणाला लागून. खड्डा तळाशी पोचला की एका बाजूच्या भिंतीत आडवा कोनाडा कोरतात. माणूस बसतो तो त्या कोनाड्यात. सटवाजीनं कोनाडा कोरला आणि वर बघून विचारलं, बास का? आप्पा काठावर बसून आत बघत होता. कोनाडा त्याला फारच अरुंद वाटला. घराचं दार थंडीत उघडं ठेवणारी बाई ह्यात कशी बसेल, एवढंच त्याच्या डोक्यात आलं.

तो म्हणाला, "जरा ऐसपैस कर बाबा. वरनंबी मोकळा ठेव. तिला दम लागतो."

जंगमस्वामी म्हणाले, एवढा लागत नाही. आप्पा म्हणाला, कर. सटवाजीनं कोनाडा कुंपणाच्या बाजूला आणखी आत नेला आणि माथ्यालाही टिकाव घातला. मग आतून त्याचा आवाज आला, की वर एक मूळ आडवं आलंय, चिवट हाय, तुटंना.

"तोड," आप्पा म्हणाला. त्यानं वाकून बघितलंही नाही.

सटवाजीनं कुऱ्हाड मागून घेतली आणि ते मूळ तोडलं. मग विमान, म्हणजे तिला बसवून आणलेली सजवलेली पालखी, खाली उतरवलं. शिवम्माला कोनाड्यात बसवलं, तळहातावर तिचं इष्टलिंग ठेवलं, विभूती आणि बेलाची पानं भरली, तोंडाशी फरशा लावल्या आणि खड्डा बुजवला. कोनाडा खरोखर ऐसपैस झाला होता. त्या दिवसात आप्पाच्या मनाला लागलेला तेवढाच एक विसावा, की एवढं तरी तिच्यासाठी नीट झालं.

दिवस झाले, पाहुणे गेले, घर रिकामं झालं. किशनराव स्वतः घरी आले. आधी इकडचं तिकडचं बोलले आणि मग खाली बघत म्हणाले, की मातीच्या दिवसापासून लाईन मेलेली आहे. बन्सीधरला काही कळत नाही, दुसरं कुणी हात लावत नाही. औरंगाबादवाले म्हणतायत की परभणीची लाईन टिकत नसेल तर मशीन उचलून नांदेडला नेऊ. आप्पा उठला आणि त्यांच्या मागं चालायला लागला. घरात बसून तरी काय करणार होता.

बिघाड शोधायची त्याची एक रीत होती: जवळून लांब. आधी आपल्या हाताखालचं बघायचं, ते ठीक असलं तर त्याच्या पुढचं, मग त्याच्या पुढचं. एकदम औरंगाबादला शिव्या देत सुटायचं नाही. संसारात त्यानं बरोबर उलटं केलं होतं, आणि हे त्याला त्या दिवशी मशीनपुढं बसल्या बसल्या कळलं. कळून हात थांबले. मग त्यानं हुकूम द्यायला सुरुवात केली.

पहिल्यांदा त्यानं बघितलं, मागचा एखादा प्रोग्रॅम दारात अडकून पडलाय का. ह्या मशीनात असं होतं, की लाईन वापरणारा प्रोग्रॅम दाराला आतून कुलूप घालून कामाला लागतो. तो मधेच मेला तर कुलूप तसंच राहतं आणि पुढच्याला आत जाता येत नाही. कुलूप होतं. ते घालणारा कधीच मेला होता. आप्पानं कुलूप पुसलं आणि पुन्हा जोडून बघितलं. दिवा लागला नाही. मग मशीनपासून मोडेमपर्यंतची दोरी काढून, टोकं पुसून पुन्हा बसवली. दिवा लागला नाही.

मग त्यानं मोडेमला स्वतःशीच बोलायला लावलं. ही एक तपासणी असते. बाहेरची तार काढून ठेवायची आणि मोडेमला सांगायचं, की तू जे बोलशील ते तूच ऐक. इकडं पडद्यावर काही टाइप केलं की ते मोडेममधून फिरून आपल्यालाच परत येतं. आलं तर समजायचं, मोडेम धडधाकट आहे, दोष बाहेर आहे. आप्पानं नेहमीसारखं काहीबाही टाइप करायचं, तर बोटांनी आपलं आपणच 'आली का लाईन' असं इंग्रजी अक्षरांत उमटवलं. आणि लगेच खालच्या ओळीत ते परत आलं: आली का लाईन.

तो खुर्चीतून उठला, तोंड भिंतीकडं केलं आणि रडला. काचेची खोली, बाहेरून सगळ्यांना दिसत होतं. बन्सीधरनं उठून बाकीच्यांना कामाला लावलं आणि स्वतः काचेकडं पाठ करून उभा राहिला. दिवस झाले तोवर आप्पा लोकांपुढं रडला नव्हता.

मशीन ठीक, मोडेम ठीक, खोलीतली तार ठीक. म्हणजे दोष जमिनीत. दिनकरराव एक्सचेंजवरून आले. त्यांच्याकडं एक यंत्र होतं. केबलीच्या टोकाला लावलं की ती किती लांबवर तुटली आहे ते सांगायचं. त्यांनी आकडा बघितला, मनातल्या मनात रस्ता मोजला आणि म्हणाले, "स्मशानापाशी दिसायलंय. लिंबाच्या आसपास. कुणीतरी खणलं असंल."

दिनकरराव मातीला आले नव्हते, जागा त्यांना माहीत नव्हती. आप्पाला माहीत होती. जीप निघाली तेव्हा किशनराव पुढं बसले, तो मागं, आणि सगळ्या वाटेत त्याला सटवाजीचा तो आवाज ऐकू येत राहिला, चिवट हाय, तुटंना. ज्या केबलीच्या कडेनं तो कौतुकानं चालला होता, जिचं प्रत्येक वळण त्याला पाठ होतं, ती त्या दिवशी तिथं असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. उभ्या आयुष्यात एकदाच तो लाईन विसरला होता.

रस्त्याच्या कडेला दिनकररावांच्या माणसांनी टिकाव काढले. कुंपणापलीकडं ताजी माती आणि सुकलेली फुलं बघून दिनकरराव थबकले, आणि आप्पाच्या तोंडाकडं बघून त्यांना सगळं कळलं. सटवाजी स्मशानभूमीतच होता. तो पुढं आला, गमजा हातात घेऊन म्हणाला, "आप्पा, त्या दिवशी मूळ म्हणून तोडलं ते…" आणि तिथंच थांबला.

दिनकररावांनी सगळ्यांना लांब सरकायला सांगितलं आणि ते आप्पापाशी जमिनीवर बसले. फार हळू आवाजात त्यांनी समजावलं. तुटलेली दोन्ही टोकं कोनाड्याच्या माथ्यावरच असणार. बाहेरच्या बाजूनं उकरायचं, टोकं धरायची, सांधा मारायचा, झाकायचं. एका दिवसाचं काम. वहिनींना धक्काही लागणार नाही.

आप्पानं मान हलवली. "उकरलं की माथा ढासळंल. तिच्या तोंडावर माती पडंल, दिनकरराव. तिला दम लागतो."

दिनकररावांनी माणसांना टिकाव खाली ठेवायची खूण केली. किशनराव मात्र मॅनेजर होते, आणि मॅनेजरला बोलावंच लागतं. त्यांनी सांगितलं, की औरंगाबादवाले आता ऐकायचे नाहीत. मशीन गेलं तर तुमची ती खोली गेली, तुम्हाला पुन्हा टायपिंगवर बसावं लागेल. आणि इतक्या वर्षांत एका लाईनीसाठी तुम्ही काय काय सोसलंत ते आम्ही बघितलंय. बोलणं वाईट नव्हतं. पण सोसलं कुणी, एवढंच त्यांचं चुकलं होतं.

आप्पा उठला. म्हणाला, "साहेब, तिला मी सारखं म्हणायचो, लाईन आली की येतो. ती थांबली. लय थांबली. आता लाईनीनं थांबावं."

किशनरावांनी टोपी काढून हातात घेतली आणि ते जीपकडं गेले.

मग दिनकररावांनी दुसरा उपाय काढला. समाधीच्या अलीकडं आणि पलीकडं, बऱ्याच अंतरावर, केबल तोडायची आणि मध्ये नवा तुकडा वळसा घालून टाकायचा. पण तसला तुकडा स्टोअरात नव्हता, वरून मागवावा लागणार आणि तो कधी येईल ते वरचेच जाणोत. तोवर दोन्हीकडं एकेक बल्ली रोवून वरून साधी तार ओढू. फक्त उघडी तार म्हणजे खरखर येणार. वारा सुटला की तुटणार, पाऊस आला की ओरडणार. लाईन पहिल्यासारखी राहायची नाही. आप्पा म्हणाला, चालंल. आयुष्यात पहिल्यांदा तो लाईनीच्या बाबतीत चालंल म्हणाला होता.

बल्ल्या रोवल्या. तार कडुलिंबाच्या फांद्यांतून शिवम्माच्या डोक्यावरून गेली. तात्पुरती म्हणून केलेली गोष्ट आपल्याकडं कायमचीच होते. तो केबलचा तुकडा पुढं कधी आलाच नाही.

तार जोडल्याची खबर आली तेव्हा आप्पा खोलीत गेला. दाराशी थांबून त्यानं बन्सीधरला हाक मारली. बन्सीधरला वाटलं, काही आणायला सांगतोय. आप्पा म्हणाला, चपला काढ आणि आत ये. बन्सीधर आत येऊन गारठ्यात आखडून उभा राहिला.

दिवा लागेना. लागायचा, थरथरायचा, विझायचा. आप्पानं बन्सीधरला दाखवलं, की ह्या तारेवर खरखर आहे, म्हणून भरभर बोलून उपयोग नाही, वेग उतरवायचा. हळू बोललं तर खरखरीतूनही ऐकू जातं. एखादं अक्षर हरवलं तर मशीन पुन्हा सांगतं, समोरच्याला नीट कळेपर्यंत सांगत राहतं. त्यानं वेग निम्म्यावर आणला आणि पुन्हा जोडलं. जिवाचा दिवा लागला, जरा फडफडला आणि टिकला. काळ्या पडद्यावर औरंगाबादच्या मशीननं नाव विचारलं.

बाहेर कारकुनांनी टाळ्या वाजवल्या. किशनराव काचेपाशी आले आणि खुणेनं म्हणाले, सगळं तुंबलेलं पाठवून द्या. इतक्या दिवसांचं साठलेलं, त्यात आता वेग निम्मा. संध्याकाळपर्यंत पुरलं असतं. आप्पानं खुर्ची मागं सरकवली आणि बन्सीधरला तिच्यात बसवलं. कुठला हुकूम द्यायचा, दिवा विझला तर कुठलं कुलूप पुसायचं, सगळं एकदा सांगितलं. बन्सीधर घाबरून म्हणाला, "आप्पा, तुमी कुठं निघालाव?"

"आलो सांगून," आप्पा म्हणाला.

लाईन चालू असताना तो त्या खोलीतून उठून गेला असं आजवर झालं नव्हतं. त्यानं चपला घातल्या, सायकल काढली आणि पाथरी रोडनं गावाकडं निघाला. स्मशानभूमीपाशी उतरून त्यानं सायकल कुंपणाला टेकवली. वर तार वाऱ्यानं बारीक गुणगुणत होती. तारेच्या आत औरंगाबादला चाललेली करडई होती, सूर्यफूल होतं, पाथरीचं गोदाम होतं, आणि ते सगळं तिच्यावरून हळूहळू जात होतं.

आप्पा समाधीच्या कडेला मांडी घालून बसला. दोन्ही पाय आत.

"शिवम्मा," तो म्हणाला, "आली लाईन."

आणि बोलून झाल्यावर, ते परत येतं का बघायच्या सवयीनं, तो कान देऊन थांबला. रस्त्यानं पाथरीची एस.टी. गेली, धूळ खाली बसली. तो तसाच थांबून होता.